डोकवायचं मशीन

"दुसरं मशीन तुम्हीच उचलून नेलंत, आणि आता मला विचारताय चूक कुणाची?"

नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई इस्पितळाच्या साहेबांच्या टेबलासमोर उभ्या होत्या. बसा म्हणायचं साहेबांना सुचलं नव्हतं. या इस्पितळात बाईंचे केस पिकले, पण या खोलीत त्यांना खुर्ची कधी मिळाली नाही.

खिडकीवर पूर्वी कॉम्प्युटरची दोन मशीनं होती. एक लिहायचं, एक डोकवायचं. कारण प्रोग्रॅमच दळभद्री. एका पेशंटचं पान उघडं असताना दुसऱ्याचं नुसतं बघायला गेलं, तरी पहिलं पान गुपचूप मिटतं आणि हातातलं काम दुसऱ्याच्या माथी बसतं. नाव पानाच्या वरच्या टोकाला, बटण पार तळाला. म्हणून लिहायच्या मशीनवर डोकवायचं नाही, असं खिडकीवरच्या बायकांनी आपसात ठरवून टाकलं होतं. मग एक दिवस शिपाई आला आणि डोकवायचं मशीन उचलून घेऊन गेला. "वरून हुकूम आलाय," एवढंच म्हणाला.

परवा एक आजोबा वारले. त्यांचं पान बाईंसमोर उघडं होतं, 'मृत' दाबायचं तेवढं बाकी. इतक्यात खिडकीत एक माणूस वाकला.

"मावशी, आईला कुठं हलवलं हो? सगळे मजले पालथे घातले."

"रांगेत या की."

"रांगेतच आहे. मागं बघा तरी."

रांग दारापर्यंत गेली होती. बाईंनी त्याच मशीनवर डोकावलं. "तिसरा मजला, खिडकीजवळ. जिन्यानं जा. लिफ्टची वाट बघत बसलात तर आईच बरी होऊन खाली येईल."

तो हसत गेला. फोन वाजला. फोन ठेवून बाईंनी राहिलेलं 'मृत'चं बटण दाबलं.

तिसऱ्या मजल्यावर त्याच्या आईचं ताट आलं नाही. फिट येऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शनही आलं नाही. म्हातारी विचारत राहिली. नवी नर्स म्हणाली, "आजी, मशीनमध्ये तुमचं नाव नाही. पडून राहा." सकाळपर्यंत फिट येऊन तिची वाचा गेली होती.

"सही करा," साहेब म्हणाले. "निष्काळजीपणा झाला, एवढंच लिहिलंय. पुढचं मी सांभाळून घेतो."

"हात माझाच होता. ते लिहा, करते सही. पण मशीन नेलं, तेही लिहा."

"मशीनचा काय संबंध इथं?"

बाईंनी कोपऱ्यात पाहिलं. डोकवायचं मशीन तिथं होतं, कडेला त्यांनीच लावलेली लाल चिकटपट्टी अजून तशीच. पडद्यावर रंगीत मासे पोहत होते. पाहुण्यांना बरं वाटतं म्हणे.

बाईंच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"तिचा मुलगा बाहेर बाकावर बसलाय. अजून मला मावशीच म्हणतो. आई पुन्हा बोलेल का, ते डॉक्टर सांगतील. हे मासे कशाला आणलेत, ते कोण सांगणार? मी दार उघडते. तुम्ही सांगा त्याला."