अकराचा ठिपका

खोडून खोडून कागद विरला होता. आलेखाच्या पानावर चौदाच्या रेघेवरचा ठिपका रबराने घासून काढलेला, आणि त्याखाली अकरावर नवा ठिपका, पेन्सिलीचं टोक मोडेल इतका दाबून काढलेला. बाईंनी पान खिडकीकडे धरलं. चौदा तर त्यांनीच दिले होते, वीसपैकी, परवाच... मार्क वाढवणारी पोरं त्यांनी तीस वर्षांत पोत्याने पाहिली होती. कमी करणारं हे पहिलंच.

सातवीच्या वर्गात गणितासाठी हा खटाटोप त्यांनी शाळा उघडल्यापासून मांडला होता. पुढच्या चाचणीत किती हवेत, त्यासाठी काय करणार, हे ज्याचं त्याने लिहायचं आणि मिळालेल्या मार्कांचा ठिपकाही स्वतःच लावायचा. मुख्याध्यापक हसले होते – "बाई, चोराच्या हातात किल्ल्या देताय." ते वाक्य बाईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

त्यांनी टाचणीला टेबलाशी बोलावलं. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून अख्खा वर्ग तिला टाचणी म्हणे.

"हे का खोडलंस?"

"बेरीज चुकली होती, बाई. तुमची. पाचव्या प्रश्नाचे तीन दोनदा धरलेत."

बाईंनी तिच्याकडून उत्तरपत्रिका घेऊन बोटाने मोजलं. अकराच.

"गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"मला." टाचणी पानाकडे बघत राहिली. "आणि पुढच्या वेळी खरंच तेरा पडले, तर मी घसरले असं दिसेल ना. मी तर चढलेली असेन."

मी तर चढलेली असेन... बाईंना वडील आठवले. हातात प्रगतिपुस्तक, उंबऱ्यात उभे राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात – आमचीला ब्याण्णव. ते ब्याण्णव वडिलांचेच होते. एकसष्ट पडले त्या वर्षी मात्र ते एकदम माझे झाले. आणि हे सगळं ठाऊक असून, स्वतःच्या लेकीच्या शाळेतल्या शेवटच्या परीक्षेच्या वर्षी स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता डकवला तो कुणी? अक्षर माझं, नव्वदचा आकडा माझा, रोजची फुलीही मीच मारायची – ती बिचारी नुसती अभ्यास करायची. पुढे तिने कॉलेज अर्ध्यावर सोडलं. आता दूरच्या गावी मातीची भांडी घडवायला शिकते म्हणे. फोनवर जेवलीस का, बरी आहेस ना, की संपलं.

"बाई, मी पुढच्या वेळेला सोळा लिहिले होते. आता बारा करू?"

सोळाच ठेव, जमेल तुला – वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. तीस वर्षांची सवय. बाईंनी ते गिळलं.

"तुला किती वाटतात?"

टाचणीने पुढच्या चाचणीच्या चौकटीतले सोळा खोडले, आणि पेन्सिल तशीच वर धरली. मागच्या बाकांवर कुजबुज वाढली, कुणाची तरी पट्टी खाली पडली, आणि बाई थांबून राहिल्या – थांबणं इतकं जड असतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

"आधी अपूर्णांक बघते," ती शेवटी म्हणाली. "मग लिहिते."

टाचणी ती चौकट तशीच रिकामी ठेवून, पान घेऊन जागेवर गेली. बाईंनी उत्तरपत्रिकेवरचे चौदा खोडून अकरा केले, खाली सही केली. चूक दुरुस्त करताना कमीपणा वाटला नाही, याचंच नवल वाटलं.

मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्याच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. लेकीला आज फोन केला तर... माती कशी मळतात, विचारावं? की पहिलं भांडं चाकावरून नीट उतरलं का, हे? तिची किती भांडी मोडली, किती टिकली, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. विचारण्याआधीच उत्तर तयार ठेवायची त्यांना जन्माची खोड. या प्रश्नांची उत्तरं मात्र त्यांच्यापाशी नव्हतीच, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ती नसण्याची त्यांना भीती वाटत नव्हती.