बिनकाकडीची फुलं

बाटल्यांच्या कारखान्यात सगळे त्यांना भिंगसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. उजेडाच्या पांढऱ्या पडद्यासमोरून काचेच्या बाटल्या सरकत जायच्या आणि भिंगसाहेबांचा हात मध्येच झडप घालायचा. काचेत बुडबुडा असो, मान वाकडी असो, तळाला केसाएवढी चीर असो, ती बाटली शेजारच्या पिंपात जाऊन फुटायची आणि पुन्हा भट्टीची वाट धरायची. ‘चालेल’ हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. घरीही नाही. चहा, इस्त्री, जावई, कशालाच त्यांनी तो वापरला नव्हता.

उन्हाळा म्हणजे बाटल्यांचा हंगाम. साऱ्या दुनियेला गार प्यायला हवं असतं, म्हणून कारखान्यातली माणसं भट्टीशेजारी उकडून निघतात. भिंगसाहेब दरवर्षी या दिवसांत दोन-दोन पाळ्या करायचे. यंदा हंगामाच्या तोंडावरच ते पडद्यासमोर धाडकन कोसळले.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, “दमानं घ्या. उन्हाळाभर घरी बसा.”

“आठवडाभर बसतो.”

“मग पुढच्या वेळी चालत येऊ नका, आम्हीच उचलून आणू.”

घरी आल्यावर यावरून दोन दिवस खडाजंगी झाली. शेवटी बायकोने तोडगा काढला. गॅलरीतल्या कुंडीत काकडीचं बी लावायचं. वेलाला पहिली काकडी धरली की दोघांनी ती मीठ लावून खायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खुशाल कामावर जायचं. पण काकडी आपल्याच वेलाची हवी, बाजारातली मोजायची नाही. बियांच्या पाकिटावर ‘पन्नास दिवसांत फळ’ असं छापलेलं होतं आणि भिंगसाहेबांचा छापील मजकुरावर विश्वास. ते हो म्हणून बसले.

वेल वाढू लागला. पण दमानं घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगेना. बायको दुपारी गॅलरीत पडदा सोडायची, पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसायची आणि लिंबू सरबताचा एक पेला असा पुरवायची की बघणाऱ्याचा जीव जावा. भिंगसाहेबांचा पेला तिने बूड टेकायच्या आत रिकामा झालेला असायचा. तिने खरबूज कापलं, फोडी पुढे ठेवल्या, विचारलं, “कसं आहे?”

“काय कसं आहे?” भिंगसाहेब म्हणाले. फोडी तोपर्यंत पोटात गेल्या होत्या.

मग एकदाची पिवळी फुलं आली आणि त्यांना काम मिळालं. चष्मा लावून त्यांनी वेलाची पाहणी केली. फुलं दोन तऱ्हेची होती. काही थोड्या फुलांच्या पाठीशी करंगळीच्या टोकाएवढी इवली काकडी होती. बाकीच्या ढीगभर फुलांच्या मागे काहीच नाही, नुसता देठ. पुढे शोभा आणि मागे ठणठणाट! असली फुलं म्हणजे वेलाला लागलेल्या जळवा, फुकट रस पिणाऱ्या. भिंगसाहेबांचा हात आपोआप पुढे झाला. त्या सकाळपासून रोज, तोंड धुवायच्याही आधी, ते बिनकाकडीची फुलं खुडून एका वाडग्यात टाकू लागले.

बायकोने एकदा स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. “काय करताय?”

“रिजेक्ट माल काढतोय. वेलाची ताकद वाया जाते.”

ती क्षणभर दारातच थांबली. मग “बरं,” म्हणाली आणि आत गेली.

काकडी मात्र धरेना. ती इवली करंगळी दोन दिवस हिरवीगार दिसायची, तिसऱ्या दिवशी पिवळी पडायची आणि हात लावला की गळायची. भिंगसाहेबांनी पाणी वाढवलं, पाणी कमी केलं, कुंडी उन्हात सरकवली, सावलीत ओढली, खतवाल्याशी भांडून त्याचं खत परत केलं. पाकिटावरची मुदत उलटून गेली तेव्हा त्यांनी बियांच्या दुकानात फोन लावून दुकानदाराचं डोकं खाल्लं. तो बिचारा म्हणाला, “साहेब, झाड आहे ते, यंत्र नाही.” हे ऐकून तर त्यांचा पारा आणखीच चढला.

त्यात खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या वेलाला काकड्यांचा नुसता पूर आलेला. एक दिवसाआड त्या चार-चार काकड्या वर पाठवायच्या. गार, कोवळ्या, करकरीत काकड्या! भिंगसाहेब त्या रागाने चावायचे, आणि मोजणीत त्या धरता येत नाहीत म्हणून आणखी रागवायचे. कारखान्यातून पाळीप्रमुखाचा फोन तर रोजचाच. “साहेब, नव्या माणसाला बुडबुडे दिसत नाहीत हो. गाडीभर माल परत आला. कधी येताय?”

भिंगसाहेबांच्या जिवाची नुसती तगमग. तिकडे बुडबुड्यांच्या बाटल्या बाजारात चालल्यात आणि इकडे आपण एका काकडीपुढे हात टेकून बसलोय, या विचाराने त्यांना दुपारची झोपही लागेना.

एके दिवशी संध्याकाळी नर्सबाई स्वतःच काकड्या घेऊन वर आल्या. बायको बाजारात गेली होती. गॅलरीतला फुलांनी भरलेला वाडगा बघून नर्सबाईंनी कपाळाला हात लावला.

“अहो भाऊ, हे काय केलंत? ही नर फुलं! यातला पराग त्या काकडीवाल्या फुलाला लागला तरच काकडी धरते. आपल्या इमारतीकडे मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा हे फूल तोडायचं आणि हातानेच त्या फुलात फिरवायचं. हे असं. दहा दिवसांत काकडी खाल.”

भिंगसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. “हे आम्हाला कसं कळणार?”

“म्हणजे काय? वहिनींना सगळं माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनीच तर मला शिकवलं!”

बायको परत आली तेव्हा भिंगसाहेब गॅलरीच्या मधोमध वाडगा घेऊन उभे होते. तिच्या पिशवीत खरबूज होतं. वाडग्याकडे आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला काय ते समजलं. तिने पिशवी खाली ठेवली.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“रोज मी फुलं तोडत होतो आणि तू गप्प बघत होतीस?”

“सांगितलं असतं तर काकडी आली असती. आणि तुम्ही गेला असता.”

“म्हणून मला मूर्ख बनवलंस?”

“हो, बनवलं!” तीही आता चिडली होती. “बाजारात अर्धं खरबूज विकत मिळत नाही, ठाऊक आहे तुम्हाला? इतकी वर्षं मी अख्खं आणते, अर्धं खाते आणि अर्धं तुमच्यासाठी ठेवते. तुम्ही रात्री येता, आडवे होता. दोन दिवसांनी मी ते फेकून देते. तुम्ही पडलात असा फोन आला, तेव्हाही फ्रिजमध्ये अर्धं होतंच. तुम्ही दवाखान्यात, आणि मी ते अर्धं खरबूज हातात घेऊन उभी. फेकवेना आणि खाववेना. मला नको तुमचा तो कारखाना.”

भिंगसाहेबांनी वाडगा कठड्यावर आपटला. त्यांनी तिच्यासमोरच पाळीप्रमुखाला फोन लावला. “उद्या सकाळी येतो,” एवढंच म्हणाले.

सकाळी बायको उठली, तिने मुकाट्याने डबा भरला. भिंगसाहेबांनी कामाचा शर्ट चढवला, बूट घातले. सवयीने पाय गॅलरीकडे वळले. वेलावर एक करंगळीवालं फूल टपोरं उमललं होतं आणि हातभर अंतरावर एक बिनकाकडीचं. जणू नर्सबाईंनीच मांडून ठेवलेलं. भिंगसाहेबांनी दुसरं फूल खुडलं. आता ते पहिल्या फुलात फिरवलं की काम फत्ते. दहा दिवसांत रीतसर काकडी, मग कुणाचं काही बोलणं नाही, कुणाचा काही दोष नाही.

ते फूल बोटांत धरून त्यांनी आत कान दिला. आतून बायकोचा आवाज येत नव्हता. एरवी तिची भांड्यांशी बडबड चालायची.

तेवढ्यात फोन वाजला. “साहेब, गाडी पाठवू?”

“नको,” भिंगसाहेब खेकसले. “माल तयार नाही अजून.”

“कुठला माल, साहेब?”

“माझ्याकडचा!” त्यांनी फोन बंद केला, फूल वाडग्यात टाकलं आणि बूट काढून आत गेले.

बायको ओट्याशी उभी होती. त्यांच्या अनवाणी पायांकडे तिने एकदा पाहिलं आणि भरलेला डबा बाजूला सारला. कालचं खरबूज काढून कापलं. फोडी ताटलीत घालून ती त्यांच्यासमोर बसली आणि पहिली फोड खाताच तिचा चेहरा पडला.

“फिकं निघालं हो. एका बाजूने कच्चंच आहे. आज नेमकं हेच असं... टाकून देऊ?”

भिंगसाहेबांनी एक फोड उचलून उजेडात धरली. कडेला हिरवट होती, मध्ये चव नव्हती, बियांपाशी पाणी सुटलं होतं. ते सावकाश चावत राहिले. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“चालेल,” भिंगसाहेब चिडूनच म्हणाले आणि त्यांनी दुसरी फोड घेतली.