वळणाआधीचा हात

नर्सबाईंना सायकल येत होती, म्हणजे सरळ जाता येत होतं. वळण आलं की त्या उतरायच्या, सायकल ढकलत कोपरा पार करायच्या आणि पुन्हा बसायच्या. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे त्यांचं काम. दिवसाला नऊ घरं, आणि वळणं किती ते विचारूच नका.

एकदा मागून टेम्पोने हॉर्न दिला. यांनी दचकून मागे पाहिलं, तर मानेबरोबर हँडलही वळलं. कठड्यावर आदळून कोपर सोलवटलं. घरी नणंदेच्या नजरेतून ते सुटलं नाही. वन्सं साठी ओलांडलेल्या, तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटून निवृत्त झालेल्या आणि तोंडाच्या फटकळ.

"लोकांच्या जखमा बांधतेस आणि स्वतः दर कोपऱ्याला उतरतेस? रविवारी चल माझ्याबरोबर."

"वन्सं, बावन्न वर्षांची झाले मी. आता काय शिकणार?"

"पडायला जमलं ना? मग उरलेलंही जमेल."

रविवारी सकाळी गोदामांमागच्या मोकळ्या आवारात वन्संनी पिशवी उलटी केली. आत घरातल्या झाडून सगळ्या चपला. तीन-तीन पावलांवर एकेक मांडत त्या म्हणाल्या, "तुझा नवरा आज अनवाणी. भाऊ माझाच आहे, मी बघून घेईन."

मग त्या सायकलवर बसल्या. चपलांमधून इतक्या हळू गेल्या, की चालणारा माणूस पुढे निघून गेला असता. शेवटच्या चपलेपाशी त्या थांबल्या. पाय पायडलवरच. पुढचं चाक उगीच इंचभर इकडे, इंचभर तिकडे, आणि वन्सं त्यावर निवांत, खुर्चीत बसावं तशा. नर्सबाई नाडी मोजावी तसे मनात आकडे मोजू लागल्या. बावीसच्या आकड्याला वन्सं एका बाजूला कलल्या, चप्पल उचलली आणि निघाल्या.

जिना चढताना गुडघे धरून कण्हणारी ही बाई! पंचवीस वर्षं एका घरात राहून नर्सबाईंना तिची ही कला ठाऊक नव्हती. त्या आ वासून बघत राहिल्या.

"तोंड मीट आता," वन्सं म्हणाल्या. "ये."

नवऱ्याच्या चपलेवरून चाक चार वेळा गेलं.

"चपलेकडे बघशील तर चपलेवरच जाशील. जायचंय तिकडे बघ."

नर्सबाईंनी नजर उचलून पलीकडच्या मोकळ्या जागेवर ठेवली. आणि काय सांगावं, सायकल आपसूक तिकडे गेली! त्यांनी हँडल वळवल्याचं त्यांनाच आठवेना.

मागे बघणं मात्र जड गेलं. वन्सं पाठीमागे उभ्या राहून बोटं दाखवायच्या. "हनुवटी खांद्याला लाव. हात सैल. किती बोटं?"

"चार!"

"मूठ आहे ही!"

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी नर्सबाई जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून सायकल चालवत होत्या. मागे बघून "दोन" म्हणाल्या, ते बरोबर निघालं. पुढे बघतात तर चाक अजून पट्ट्यावरच होतं.

मंगळवारी कामावर जाताना त्यांना मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत वळायचं होतं. पाय सवयीने खाली येऊ लागला, तो त्यांनी आवरला. मागे पाहिलं. पाइप लादलेला ट्रक येत होता, बराच लांब. काचेमागे ड्रायव्हरचा चेहरा दिसला. तोही त्यांच्याकडेच बघत होता. त्यांनी हात बाहेर काढला, सरळ, खांद्याइतका उंच.

ट्रकचा वेग उतरला. त्यामागच्या गाड्यांचाही. एवढं लोखंड, एवढी चाकं, आणि सगळी एका हाताच्या शब्दाखातर हळू होत थांबली. नर्सबाई त्या रिकाम्या झालेल्या जागेतून वळल्या. गल्लीत शिरल्यावर श्वास घ्यायचं लक्षात आलं.

पहिल्या घरी पायाची पट्टी सोडताना अंथरुणावरचे आजोबा म्हणाले, "बाई, आज गालातल्या गालात हसताय तुम्ही."

"आजोबा, मी आत्ता ट्रक थांबवला."

"अरे देवा! कसा?"

"मागे बघितलं आणि हात दाखवला."

"आणि थांबला?"

"थांबला हो," नर्सबाई म्हणाल्या आणि गरम पाणी मागवायचं विसरून तशाच आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या.