भीमपलासीतले बुवा

मुलुंडच्या वाचनालयाचे चिटणीस मार्तंडराव कारखानीस माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कोणतं पुस्तक द्यायचं ते ठरवत. पित्त झालेल्याला प्रवासवर्णन, चिडक्या माणसाला निबंध. एका सभासदाने चावीचा ग्रामोफोन आणि पेटीभर शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डी भेट दिल्यापासून ते रागही सुचवू लागले. एका दमेकऱ्याला तर त्यांनी द्रुत लयीतलं ऐकू नका म्हणून बजावलं होतं. लोक ऐकून घेत, कारण माणूस प्रेमळ होता आणि पुस्तक परत करताना वाचलं का म्हणून कधी विचारत नसे.

पंचावन्न सालच्या माघात त्यांचे शेजारी भाऊ सबनीस यांनी काळजीत पडून त्यांना घरी बोलावलं. "आमच्या क्षमाला बघायला रविवारी बोरिवलीहून माणसं येताहेत. मुलगा नंदकुमार, इंजिनियर आहे. वडील बळवंतराव गाण्यातले दर्दी आहेत म्हणे. घर जरा सुसंस्कृत दिसायला हवं रे. काहीतरी सुचव."

"चारची वेळ म्हणजे भीमपलासी," मार्तंडराव लगेच म्हणाले. "बाईंचा आवाज असू दे, घरात प्रसन्न वाटतं. आणि टीपॉयवर एक नवं पुस्तक. सौंदर्यशास्त्रावरचं परवाच आलंय."

मुलाच्या आईला काय आवडतं हे त्यांनी विचारलं नाही, आणि भाऊंनाही ते माहीत नव्हतं.

"मार्तंडकाका, मी ते वाचलेलं नाही," आतून क्षमा म्हणाली.

"वाचायचं नाही गं, ठेवायचं."

रविवारी मंडळी आली. पोहे फिरले, हवापाण्याचं बोलणं झालं आणि मार्तंडरावांनी वाचनालयातून आणलेल्या ग्रामोफोनवर स्वतः रेकॉर्ड लावली. बळवंतरावांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. भाऊंचा जीव भांड्यात पडला.

पण गडबडीत मार्तंडराव चावी पुरती द्यायला विसरले होते. बाईंचा आवाज हळूहळू खाली बसू लागला. आणखी खाली बसला. बघता बघता बाईंच्या जागी कुणी जाडजूड बुवा घोंगडीत तोंड घालून गाऊ लागले.

"काय खर्ज लावलाय," बळवंतराव डोळे न उघडताच म्हणाले.

त्यांच्या पत्नी सुनंदाबाई ग्रामोफोनकडे निरखून बघत होत्या. "अहो, मघाशी बाई गात होत्या ना? हे बुवा कधी आले?"

"जुगलबंदी आहे. मध्ये बोलू नकोस."

घाबरलेल्या मार्तंडरावांनी चालू रेकॉर्डवरच भराभर चावी फिरवली. बुवा सरसर वर चढत गेले आणि परत बाई झाले.

"आणि ही मींड," बळवंतराव गहिवरून म्हणाले. "एका दमात. हल्ली कोण घेतं?"

भाऊ छताकडे बघू लागले. स्वयंपाकघराच्या दारात क्षमा चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि कप बशांवर खडखडत होते, कारण ती हसू आवरत होती. नंदकुमारला पोह्यांचा ठसका लागला. तोंड लपवायला त्याने टीपॉयवरचं पुस्तक उघडलं. त्याची पानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती.

"हे तुम्ही वाचताय?" त्याने विचारलं.

"नाही," क्षमा म्हणाली. "ते काकांनी ठेवलंय. मी खुनाच्या गोष्टी वाचते."

भाऊंना वाटलं, जुळता जुळता मोडलं.

"कुठे मिळतात गं तुला?" सुनंदाबाई पुढे सरकत म्हणाल्या. "आमच्याकडच्या वाचनालयातल्या माझ्या सगळ्या वाचून झाल्या."

क्षमाने त्यांना आत नेलं. गादीखालून एकेक पुस्तक काढून ती कुठलं आधी वाचायचं, कुठल्यातला खुनी पहिल्या पानावरच कळतो, ते सांगत बसली. बाहेर पुरुषमंडळींचा चहा निवून गेला. निघताना सुनंदाबाईंच्या पिशवीत चार पुस्तकं होती आणि नंदकुमार क्षमाकडे बघून उघड उघड हसत होता.

गुरुवारी बळवंतराव होकार घेऊन आले आणि भाऊंकडे पेढे ठेवून थेट वाचनालयात गेले. त्यांना ती जुगलबंदी परत ऐकायची होती.

मार्तंडरावांना खोटं बोलता येत नसे. खाली बघत त्यांनी स्प्रिंगची आणि चावीची हकीकत सांगून टाकली.

बळवंतराव समोरच्या बाकावर बसले.

"म्हणजे बुवा नव्हतेच?"

"नव्हते."

"हे आमच्या हिला कळलंय?"

"मी तरी सांगितलेलं नाही."

"मग सांगू नका." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एकदम थकल्यासारखे दिसले. "खरं सांगू का, मला गाण्यातलं फारसं कळत नाही. हापिसात एकदा मान डोलावली, तेव्हापासून लोक मला पहिल्या रांगेत बसवतात. उठताही येत नाही. मला वाचायलाच काहीतरी द्या."

मार्तंडराव सवयीने त्यांचा चेहरा न्याहाळायला लागले, मग थांबले.

"तुम्हाला काय आवडतं?" त्यांनी विचारलं.

बळवंतरावांनी आजूबाजूला पाहिलं. वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं.

"शिकारीचं," ते हळूच म्हणाले. "वाघ असला तर बरं."