हलक्या नागलीची आण

खोडाळ्याच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यात माघीचा शब्द शेवटचा. बांध कुणाचा, बकरी कुणाची, सोयरीक कुणाच्या तोंडापायी मोडली, असं काही अडलं की लोक तिला बोलावत. ती सुपातल्या दाण्यांवर हात ठेवून कणसरीची आण घेई आणि बोले. कणसरी म्हणजे दाण्याची देवी. तिच्या नावानं खोटं बोललं की कणगीत दाणा ठरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून माघी बोलली की वाद संपला. शाळा तिची दुसरीपर्यंत, पण जीभ अशी की तलाठीसुद्धा तिच्या दारात हळू बोले.

तिचा एकुलता मुकेश मुंबईला शिकून जव्हारात पोरांना विज्ञान शिकवायला लागला होता. नव्व्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तो एक चकती घेऊन घरी आला. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या भाकरीएवढी, तिच्याहून काळी. ‘सुपरकंडक्टर’ म्हणाला. नाशकाहून आणलेल्या फ्लास्कातला थंडगार द्रव नायट्रोजन त्यानं चकतीवर ओतला. धूर सुटला. वर लोहचुंबक सोडलं, तर ते खाली पडेचना, हवेतच राहिलं.

शेजारची चैती दोन पावलं मागं सरली. “माघे, तुझा पोर भगताला उपाशी मारील गं!”

“भगत कोंबडा मागतो. माझा पोर नुसता चहा मागतो,” माघी म्हणाली. तिला त्या दिवशी उंबऱ्यातून आत जायलाही आडवं व्हावं लागेल, अशी तिची छाती फुगली होती.

पण मुकेशला चुंबक नाचवायचं नव्हतं. ही चकती थंड करून गरगर फिरवली तर तिच्यावर टांगलेली वस्तू जराशी हलकी होते, धरतीची ओढ कमी पडते, असं परदेशात कुणी छापलं होतं. तसं पुन्हा कुणाला दाखवता आलं नव्हतं. मुकेशला ते दाखवायचं होतं. जव्हारात गाड्यांचे हादरे. इथं आईच्या घरात शांतता.

मार्गशीर्षात प्रयोगाचा दिवस ठरला. माघीनं आदल्या रात्री जमीन सारवली. चांगलं काम वाळल्या, धुळीच्या जमिनीवर मांडत नाहीत. मेजावरच्या ताजव्याला वजन म्हणून टांगायची पुरचुंडीही तिनंच दिली, नव्या नागलीची. चकती फिरली, आणि थोड्या वेळानं तराजूचा काटा सरकला. नागली हलकी झाली! मुकेशनं आईचे पाय धरले, आणि तिच्या पायांवर त्याच्या डोळ्यांतलं ऊन पाणी पडलं.

पाड्याला मात्र ते रुचलं नाही. “दाणा हलका झाला म्हणजे त्यातलं सत गेलं,” म्हातारा पोश्या म्हणाला. “आज पुरचुंडी, उद्या आमच्या कणग्या. बंद करा.”

कुरकुर चालली ती माघापर्यंत. मुकेश आईजवळ उकिडवा बसला. “आये, तुझंच ऐकतील. तू सांग.”

माघीनं सूप मागवलं, दाण्यावर हात ठेवला. “कणसरीची आण. नागली हलकी झाली ती मी या डोळ्यांनी पाहिली. यात लबाडी नाय, दाण्याला धोका नाय.”

पोश्यानं मान खाली घातली. त्यानंतर मुकेशचं काम असलं की हादरा बसू नये म्हणून पाड्यात मुसळ उचलत नसत. बाया अर्धपोटी पोरांना गप्प करत आणि गुरं ओढ्यापलीकडं हाकत. कधी पेपरवाला आला, कधी मास्तर आले. दर वेळी मुकेशचा निरोप आधी यायचा, “आये, सारवून ठेव.” माघी चैतीला ऐकवायची, “एवढा शिकला, पण रीत नाय विसरला.”

होळीनंतर मुंबईचे तीन शास्त्रज्ञ येणार होते. त्यांना पटलं तर ते मुकेशला आपल्या प्रयोगशाळेत नेणार होते. आदल्या संध्याकाळी तो आला आणि आधी वाकून त्यानं जमिनीला हात लावला.

“हे वाळलंय.”

“परवाच सारवलं. वाळणार नाय तर काय दही लागणार?”

“मग पुन्हा सारव. ओलीच पाहिजे.”

“ओलीच कशाला?”

“आये, तुला नाय कळायचं.”

“तुला बोलता येत नव्हतं तेव्हाही मला कळायचं. बोल.”

तो हसला, आणि अडाण्यापुढं बोलायला कसली भीती, तसं बोलून गेला. फ्लास्कच्या भारानं मेजाचा एक पाय ओल्या जमिनीत केसभर रुततो. ताजवा कलतो, काटा सरकतो. वाळल्या जमिनीवर काही होत नाही. जव्हारात फरशीवरही झालं नव्हतं.

“कधी कळलं?”

“पौषात.”

माघी भिंतीला टेकली. आण तिनं माघात घेतली होती.

“मला दाण्यावर हात ठेवायला लावलास, तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“अगं, मूळ गोष्ट खरी असेलही. एकदा तिथं पोचलो की नीट करून दाखवीन. आणि देवीला कुठं ताजवा वाचता येतो?”

माघी उठली नाही. शेणाला हात लावला नाही. सून रंजना शेणाचं घमेलं घेऊन पुढं आली, तर माघीनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. रंजना परत गेली.

सकाळी पाहुणे आले, दारात पाडा जमला. चकती फिरली, धूर निघाला. काटा जागचा हलला नाही. मुकेशनं कपाळ पुसलं. “याआधी पुष्कळदा झालंय, सर. माझ्या आईलाच विचारा. गावासमोर शपथ घेतलीये तिनं.”

त्यांतला एक पाहुणा तिच्याकडं वळला. माघी पाड्याकडं तोंड करून उभी राहिली. “नागली कधीच हलकी झाली नाय. ओल्या सारवणात मेज कलत होतं. माझी आण खोटी होती.”

“सर, तिचं मनावर घेऊ नका,” मुकेश घाईनं म्हणाला. “अडाणी बाई आहे ती.”

“अडाणी होते म्हणून तर मला पुढं केलंस.”

पाहुणे शहाणे होते. त्यांनी आपल्या पिशव्या उचलल्या. मुकेश त्यांच्यामागं बोलत बोलत जीपपर्यंत गेला, आणि जीपनंच गेला. आईकडं त्यानं पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात लाडक्या आणि बारक्याचा बांधावरून वाद पेटला. बोलावणं आलं नाही. माघी आपण होऊन गेली आणि बायांच्या मागं बसली. पोश्यानं सूप मागवलं. सगळ्यांच्या माना सवयीनं तिच्याकडं वळल्या आणि तशाच मागं फिरल्या. पोश्यानं सूप चैतीपुढं ठेवलं.

चैतीनं दाण्यावर हात ठेवला. माघी मागून म्हणाली, “नीट बघून बोल गं. कुणी सांगितलंय म्हणून बोलू नको.”