पाठ सरळ झाली, पण ओझे तेच

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. रंगाने हिरवा होतो, आता तो रंग कुठे कुठे उरला आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने संशयी आहे. माझ्यासारखे आयुष्य काढले असते तर तुम्हीही झाला असता.

कारखान्यातून निघून मी अमेरिकेतल्या मोंटानाला आलो तो डेलमार टवेटच्या गुरांच्या रानात. वैरणीचे गठ्ठे, कुंपणाचे खांब, नुकती जन्मलेली वासरे, सारे मी पाठीवर वाहिले. बर्फात अडकलेल्या शेजाऱ्यांच्या गाड्या ओढून काढल्या. डेलमार माझ्या टपावर थाप मारून म्हणे, "हा आहे म्हणून चाललंय." त्या एका थापेवर मी पुढचा आठवडा काढीत असे.

मग डेलमार थकला, गुरे विकली गेली आणि मला गोठ्यामागे उभे केले गेले. माझ्या बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटला. कोणी फिरकेना.

अशात एका वसंतात डेलमार साबणाची बादली घेऊन आला आणि मला धुऊ लागला. माझ्या मनात पहिली पाल तेव्हा चुकचुकली. शेजारच्या ट्रकला असेच घासूनपुसून लख्ख केले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोणी अनोळखी माणूस घेऊन गेला होता. पण मला विकायचे नव्हते. मागच्या हुकाला एक पांढरा कॅम्पर जोडला गेला. चाकांवरचे अख्खे घरच ते, आत पलंग, चूल, मोरी.

त्याचे वजन हुकावर पडताच माझी पाठ खाली बसली आणि तोंड वर गेले. डेलमारची बायको मार्लिस पायरीवरून पाहत होती. ती म्हणाली, "चर्चमध्ये तुझी इंगाआत्या बसायची तसा दिसतोय. नाक आभाळात."

डेलमारने मला गावातल्या रूबेनच्या गॅरेजमध्ये नेले. रूबेन माझ्याखाली शिरला, मागच्या स्प्रिंगचे पाटे एकेक करून ठोकून पाहिले. एका पाट्याचा आवाज त्याला आवडला नाही. तो म्हणाला, पाटे बदलायला हवेत. नुसत्या हवेच्या पिशव्या बसवल्या तर पाठ वर येईल, पण जीव तेवढाच राहील.

डेलमारचे डोळे बारीक झाले. रूबेनला महागडे पाटे गळ्यात मारायचे आहेत, असे त्याला वाटले. "पिशव्याच बसव," तो म्हणाला.

"बसवतो. पण डेलमार, सरळ दिसतोय म्हणून आणखी भरू नका हं."

रबराच्या दोन पिशव्या माझ्या आसावर बसल्या. त्यांत हवा भरली आणि माझी पाठ उठली. खरे सांगतो मित्रांनो, मलाही तरुण झाल्यासारखे वाटले. पण तो बदसूर वाजणारा पाटा तिथेच होता, आणि तो मला ठाऊक होता.

त्यानंतर डेलमार भरू लागला. मार्लिस बाजारात गेली की तो काहीतरी आणून कॅम्परच्या मागच्या कप्प्यात ठेवी आणि झाकण लावी. दोनच आठवड्यांची सहल, डोंगरापलीकडच्या तळ्यापर्यंत, असे त्याने तिला सांगितले होते. तेवढ्यासाठी ऐरण कशाला? इतकी जड ट्रंक कशाला? काहीतरी शिजतेय, असा मला वास यायला लागला. मार्लिसलाही आला असावा. निघायच्या सकाळी ती माझ्याभोवती एक फेरी मारून गेली, चाकांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि आत बसली.

घाट चढताना मी धापा टाकल्या, पण चढलो. उतारावर आडवा वारा सुटला. कॅम्परचे शेपूट जड, ते डुलू लागले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी माझे मागचे अंग रस्त्यावरून सरकू लागले. डेलमारने ब्रेकवर पाय रेटला नाही, हे त्याचे शहाणपण. पुढच्या कळीवरून हातानेच कॅम्परचे वेगळे ब्रेक हळूहळू लावत त्याने वेग तोडला. तेवढ्यात माझा पाटा कडकन मोडला. कसाबसा मी खडीच्या कडेला जाऊन थांबलो. पलीकडे दरी होती.

दोघे खाली उतरली. मग डेलमारने फोन करून रूबेनला बोलावले. तो येईपर्यंत ओझे उतरवायला हवे होते. मार्लिस सरळ मागे गेली आणि तिने स्वतःच्या हाताने कप्पा उघडला.

ऐरण निघाली. तिचे शिवणयंत्र निघाले. ट्रंकेत दोघांचे हिवाळी कोट, लोकरीच्या रजया, तिच्या आईची चांदीची भांडी.

"जुलैत कोट?" ती म्हणाली. "डेलमार, आपण परत येणार नव्हतो का?"

त्याने टोपी काढून हातात धरली. मग तुटक तुटक सांगितले. घर पुतण्याला देण्याचे त्याने परस्पर कबूल केले होते. हिवाळ्यात गोठ्याजवळ तो बर्फावर घसरून पडला होता. हाका मारल्या, पण वाऱ्यात त्या तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत. सरपटत तो दारापर्यंत आला होता, आणि तिला म्हणाला होता की गुडघा जरा मुरगळला आहे. दक्षिणेकडे उबेत राहायचे, एवढेच त्याच्या मनात होते. तळ्याशी गेल्यावर सांगणार होता.

"मला वाटत होतं, तुला मी नकोशी झालेय," मार्लिस म्हणाली. "सगळा वसंत मी तेच मनात घोळवत होते."

"तसं नाही गं."

"मग विचारायचं होतंस. तुझ्याबरोबर फिरायला मी येईन. मला सामानासारखं भरून न्यायचं नाही."

तो खडीवर ट्रंकेवर बसला आणि त्याने मान हलवली. ती त्याच्या शेजारी बसली. दोघांनी मिळून डबा उघडला आणि उकडलेली अंडी खाल्ली. रूबेन आला तेव्हा ती दोघे शिवणयंत्र कुठे ठेवायचे यावर वाद घालत होती.

रूबेनने मला नवे पाटे घातले. कॅम्पर काट्यावर तोलून घेतला, जड सामान चाकांच्या वर आणले, नको ते काढले. पिशव्या राहू दिल्या, पण आता त्या पाट्यांच्या सोबतीला आहेत. दोघे तळ्यावर जाऊन आली. घर पुतण्याला गेले खरे, पण दक्षिणेला कोणी गेले नाही. मार्लिसने गावात एक लहान घर पसंत केले. त्याला पायऱ्या नाहीत, आणि शेजारणीची खिडकी हाकेच्या अंतरावर आहे.

मित्रांनो, मी अजूनही संशयी आहे. कोणी हवा तपासायला वाकले तरी मी कान टवकारतो. पण तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरी कोणी म्हातारे झाले असेल, यंत्र असो की माणूस, तर त्याची पाठ ताठ आहे एवढे पाहून पुढे जाऊ नका. खाली वाका, आणि कुठे दुखते ते विचारा.