फळ्यावरचा वारा

मी एक जुना बावटा आहे. देशाचा नव्हे, पक्षाचा नव्हे, होडीचाही नव्हे. मी वाऱ्याचा बावटा. मित्रांनो, आत्मवृत्त शांत, जरा ओलसर आवाजात सांगायचं असतं हे मला ठाऊक आहे. छत्र्या आणि बैलगाड्या तसंच सांगतात. मीही प्रयत्न करीन. जमलं नाही तर सांभाळून घ्या, कारण मी सध्या भयंकर चिडलेलो आहे.

रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदकडे निघालं की सुरूच्या झाडांमागे एक लहानसा रायफल क्लब लागतो. तिथे करमअली चाचा टार्गेटचे कागद लावतात आणि उरलेल्या वेळात होड्यांचे बावटे शिवतात. अशाच एका बावट्यातून हातभर नारिंगी कापड उरलं आणि माझा जन्म झाला. चाचांनी मला दुहेरी शिवण घातली, एका लोखंडी काठीला बांधलं आणि नेमबाज व टार्गेट यांच्या मधोमध नेऊन उभं केलं.

"होडीवर जायचा तो हितं आलास," चाचा म्हणाले. "आता बंदुकीम्होरं उभा ऱ्हा. घाबरू नको, ही मंडळी काय नेम धरून तुला मारायची न्हाय. चुकून लागली तर लागली."

चुकून दोनदा लागली. ती छिद्रं मी अजून मिरवतो.

आता माझं काम सांगतो. आमच्याकडे पन्नास मीटरवर नेम धरतात. टार्गेटच्या मधला दहा गुणांचा ठिपका शर्टाच्या बटणाएवढा असतो. गोळी एवढीशी असते आणि वाऱ्याला तिची जराही भीड नसते. ताशी आठ किलोमीटरचा आडवा वारा तिला बटणभर बाजूला ढकलतो. म्हणून नेमबाज आधी माझ्याकडे बघतो आणि मग रायफलची नेम सरकवणारी मागची चक्री तेवढे क्लिक, म्हणजे तेवढ्या खाचा, फिरवतो. वारा गोळी डावीकडे नेत असेल तर क्लिक उजवीकडे.

सकाळी आमच्याकडे मतलई असते, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. तो नेमबाजाच्या उजव्या हाताने येतो. साडेदहाच्या सुमारास तो पडतो आणि मी ओल्या पंच्यासारखा लोंबकळतो. मग समुद्रावरून खारा वारा सुटतो, डाव्या हाताने आणि दुप्पट जोराने. हे मला कुणी शिकवलं नाही. मला अक्कल नाही, मी नुसता हलतो. पण खरं हलतो.

माझ्याकडे सगळ्यांत जास्त बघितलं ते आतिफाने. ती रेवदंड्याची, वडील मस्कतला. सहा वर्षं ती रोज एका वहीत लिहीत आली: किती वाजले, मी कुठे वळलो, गोळी कुठे पडली.

"चाचा, तुमचा बावटा खोटं बोलत नाही," ती एकदा म्हणाली.

"माझ्या शिलाईचा हाय. बोलला तर उसवीन त्याला."

मित्रांनो, एवढं कौतुक मला पुरतं.

मग गेल्या वर्षी सॉफ्टवेअर आलं. क्लबचे सभासद धनेश, ज्यांचे ट्रक चालतात, त्यांनी मोबाइलवर तीन निरनिराळी सॉफ्टवेअर आणली. गोळीचं वजन, वेग, अंतर आणि वारा सांगितला की ती गोळी किती सरकेल ते गणित करून सांगतात. जुन्या वस्तूंना नवी यंत्रं बघवत नाहीत, असा तुमचा समज असेल. मला काही वाईट वाटलं नाही. मला गुणाकार येत नाही. मी वारा दाखवावा आणि त्याने गणित करावं, यात भांडण्यासारखं काय आहे?

आतिफाला तर केवढा आनंद झाला! तिने तीन आठवडे तिन्हींची परीक्षा घेतली. माझ्याकडे बघून वारा भरायचा, सॉफ्टवेअर सांगेल तेवढे क्लिक द्यायचे, दहा गोळ्या मारायच्या आणि पट्टीने छिद्रं मोजायची. पहिलं फुकटातलं होतं, दर दोन मिनिटांनी बनियनची जाहिरात दाखवायचं आणि गोळीचा वेग विचारायचंच नाही. दुसरं दिसायला कुरूप, अक्षरं मुंगीएवढी, पण वेग विचारायचं, वारा दर वेळी नव्याने भरू द्यायचं, आणि त्याचं उत्तर छिद्रांशी जुळायचं. तिसरं देखणं होतं. त्यात वारा सकाळी एकदा भरला की दिवसभरासाठी कुलूपबंद व्हायचा.

कोणतं निवडायचं हे ठरवायला कमिटी बसली. मी समोरच काठीवर होतो, सगळं ऐकलं.

क्लबचे सेक्रेटरी हरेश्वरकाका. त्याआधी तीस वर्षं ते मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी होते. रोज सकाळी सोसायटीच्या फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहायच्या, हे त्यांचं काम. तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. भरती त्यांनी लिहिलेल्या वेळेला यायची, त्यामुळे ती आपल्या सहीने येते असा त्यांचा हळूहळू समज झाला होता.

"तिसरं घ्यायचं," काका म्हणाले. "दिवसाचा वारा एकदा लॉक. सकाळी सातला मी भरणार, क्लिक काढणार, फळ्यावर लिहिणार. आजचा वारा, आजचे क्लिक. सगळ्यांना एकच. भेदभाव नको."

"काका, वारा अकरा वाजता उलटा फिरतो," आतिफा म्हणाली.

"भरती पण फिरते. आम्ही लिहीत नव्हतो?"

"तिची वेळ आधी कळते. वाऱ्याची नाही कळत. माझी वही बघा ना, दुसरं सॉफ्टवेअर—"

"ते वाचायलाच येत नाही मला!" काका म्हणाले. "धनेशशेठ, तुम्हाला येतं?"

"अक्षर बारीक हाय खरं," धनेश म्हणाले. "तिसऱ्याचा रंग पण चांगला हाय."

रंगावर मतदान झालं. ठराव मंजूर.

दुसरा ठराव माझ्याबद्दल होता. फळ्यावर एक वारा आणि मैदानात दुसरा दिसला तर नेमबाज गोंधळतात, सबब बावटा काढावा. चाचांनी मला काठीवरून सोडलं तेव्हा त्यांची बोटं गाठीशी उगाच घुटमळत होती. कुणी फेकून देऊ नये म्हणून त्यांनी मला ऑफिसच्या व्हरांड्यात खिळ्याला अडकवलं. तो खिळा नेमका फळ्याशेजारी होता. दुसऱ्या दिवशी हरेश्वरकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मला हातात घेतलं आणि माझ्याने फळा पुसला.

वाऱ्याचा बावटा, मित्रांनो, वारा पुसायला!

महिन्याभराने निवड चाचणी आली. राज्य स्पर्धेसाठी क्लबमधून मुलींची एकच जागा होती. त्या जागेसाठी आतिफाने सहा वर्षं घातली होती, आणि वयोगटाप्रमाणे हे तिचं शेवटचं वर्ष होतं. दुसरी दावेदार अमिषा, धनेशची पुतणी. मुलगी चांगली, हात स्थिर, पण वाऱ्याचा विचार तिने कधी केला नव्हता. नियमात नवी भर पडली होती: फळ्यावरचेच क्लिक लावायचे, जो बदलेल त्याचे पाच गुण कापायचे.

चिठ्ठ्या टाकल्या. अमिषाला सकाळी आठची वेळ मिळाली आणि आतिफाला साडेअकराची.

सातला काकांनी फळा लिहिला: आजचा वारा उजवीकडून, ताशी आठ. क्लिक उजवीकडे. आठला मतलई तशीच होती. अमिषाने साठ गोळ्यांत पाचशे एकाहत्तर गुण मारले.

साडेअकराला खारा वारा सुटला. सुरूचे शेंडे समुद्राकडून जमिनीकडे वाकले, फळ्यावरची खडूची धूळ उडाली, मी खिळ्यावर आपटत होतो. आतिफाने सरावाच्या चार गोळ्या मारल्या. चारही उजवीकडे, सहाच्या रिंगणात. वारा उजवीकडे ढकलत होता आणि काकांचे क्लिकही उजवीकडे.

ती उठून व्हरांड्यात आली.

"काका, वारा फिरलाय. क्लिक बदलू द्या."

काकांनी फळ्याकडे बघितलं. "फिरलेला दिसत नाही."

"तिकडे नाही, बाहेर बघा!"

"बाहेर मी बघितलं की. सातला. तू एकटीसाठी वारा वेगळा मागतेस, उद्या सगळे मागतील."

"अवो शेक्रेटरी," चाचा मधे म्हणाले, "तुमची टोपी उडाली मगाशी. ती कुठच्या वाऱ्यानं उडाली?"

काका म्हणाले, टोपी हा क्लबचा विषय नाही.

आतिफाने परत जाऊन चक्री सरळ डावीकडे फिरवली. पाच गुण गेले, चाचणीची एकही गोळी मारायच्या आधी. मग सुरूच्या शेंड्यांवर नजर ठेवत तिने साठ गोळ्या मारल्या. पाचशे चौऱ्याहत्तर! मी असतो तर आणखी आले असते, पण ते राहू द्या. पाच वजा, पाचशे एकोणसत्तर. दोन गुणांनी जागा अमिषाची.

आतिफाने निकालावर सही केली नाही. खडू उचलला आणि फळ्यावर 'आजचा वारा' या शब्दांपुढे लिहिलं: 'सकाळी सातचा'. एवढंच. काकांनी मला खिळ्यावरून ओढलं आणि ते दोन शब्द माझ्याने पुसले. मला नाही म्हणता आलं नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं की सॉफ्टवेअर समाधानकारक असून वाऱ्याने सहकार्य केले नाही.

राज्य स्पर्धेच्या दिवशी आतिफा इथेच व्हरांड्यात रायफल पुसत बसली होती. फोन वाजला. अमिषाचा.

"आतिफा, ऐक ना, अर्ध्या तासात माझा नंबर आहे. इथे आजचा वारा कुठे लिहितात गं? फळाच नाहीये."

 मी मनात म्हणत होतो, सांगू नकोस. काकांना विचार म्हणावं. सातला कुलूप लावलंय म्हणावं. हो, मी असंच म्हणत होतो, चांगलं नाही वागलो मी.

"समोर काय फडफडतंय?" आतिफाने विचारलं.

"कापडाच्या पट्ट्या आहेत. खूप. रांगेने."

"आपल्या लेनची बघ. कुठल्या हाताला उडतेय? नाही, पूर्ण ताठ आहे की अर्धी लोंबतेय? बरं. मग लिहून घे."

दहा मिनिटं ती सांगत होती, वही न उघडता. माझा प्रत्येक कोन तिला तोंडपाठ होता. मग तिने फोन खाली ठेवला आणि रायफल पुसायचं फडकं भिंतीवर फेकून मारलं.

"चाचा, ती माझी जागा होती."

चाचांनी समजूत घातली नाही. "व्हय," ते म्हणाले. "तुझीच होती."

मित्रांनो, सॉफ्टवेअर जरूर घ्या, चांगलं पारखून घ्या, आतिफासारखं छिद्रं मोजून घ्या. माझी विनंती वेगळीच आहे. मैदानातली काठी अजून रिकामी उभी आहे. तुमच्यापैकी कुणी इकडे आलं तर मला खिळ्यावरून काढा आणि तिला बांधा. गाठ दुहेरी मारा. हरेश्वरकाका कुणाची परवानगी घेतली म्हणून विचारतील. त्यांना उत्तर देत बसू नका. हाताला धरून व्हरांड्याबाहेर आणा, तोंड समुद्राकडे करून उभं करा, आणि विचारा, काका, आत्ता किती वाजले?